नाव दुसऱ्याचं, पैसे तुमचे

लग्नसराई जवळ आली, धोंड्याचा महिना आला, मुलाला पहिली नोकरी लागली, की घरोघरी घड्याळाचा विषय निघतो. वेळ बघायला प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी जावयाला द्यायचं तर घड्याळ आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांना द्यायचं तरी घड्याळच. मग कुणीतरी फोन पुढे करतो. ‘हे बघा, रोलेक्स, साडेतीन हजार. फर्स्ट कॉपी आहे, पण कुणाला कळणार नाही. डबा, कार्ड सगळं येतं.’ रीलमधलं घड्याळ दिसायला देखणं असतं, दुकानदार गोड बोलतो आणि पैसे पाठवायला अर्धं मिनिटही लागत नाही. ते अर्धं मिनिट सुरू होण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या, एवढीच विनंती आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कंपनीचं नाव चोरून छापलेलं घड्याळ घेऊ नका. साडेतीन हजारांचंही नको आणि पन्नास हजारांचंही नको. आणि विक्रेता जे घड्याळ ‘अस्सल आहे, थोडं वापरलेलं आहे’ म्हणून दाखवतो, ते ऑनलाइन घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी काय विचारायचं आणि पार्सल हातात आल्यावर काय बघायचं, हे शिकून घ्या. या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी वेगळ्या नाहीत. आज उघडपणे ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकलेला माल दोन हात फिरला की ‘अस्सल’ होऊन बाजारात उतरतो, आणि त्या वेळी त्याची किंमत हजारांत राहत नाही, लाखांत जाते.

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन-ए’, ‘सुपर क्लोन’ हे शब्द ऐकले की वाटतं, या ठरलेल्या प्रती असाव्यात, कुणीतरी त्या तपासत असेल. तसं काही नाही. ही प्रतवारी कुठलीच संस्था करत नाही. एकाच्या कॅटलॉगमधलं ‘सेव्हन-ए’ दुसऱ्याकडे ‘मास्टर’ असतं, आणि जो शब्द खपेल तो शब्द लावला जातो. दोन-तीन हजारांच्या नकलेत बहुतेक वेळा सेलवर चालणारं साधं क्वार्ट्झ मशीन असतं. थोडं महाग असेल तर स्वस्तातलं चिनी ऑटोमॅटिक. त्याच्याही वर गेलात की ‘आत जपानी मियोटा आहे’ असं मोठ्या आवाजात सांगितलं जातं. मियोटा हे सिटिझनचं मशीन. चांगलं, टिकाऊ, कुठलाही कारागीर हात लावेल असं. पण हेच मशीन असलेली, स्वतःच्या नावाने विकली जाणारी, बिल आणि वॉरंटी देणारी घड्याळंही बाजारात उघड मिळतात. म्हणजे नकलेत जादा मोजलेले पैसे मशीनचे नसतात आणि पोलादाचेही नसतात. डायलवर छापलेल्या रोलेक्सच्या त्या छोट्या मुकुटाचे असतात, आणि तो मुकुट विकायचा हक्क विकणाऱ्याकडे नसतो.

पुढे वापरताना काय होतं तेही बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामात स्वस्त मुलामा लवकर उडतो. पट्ट्याच्या कड्या पिवळट पडतात, मनगटावर काळा डाग उमटतो. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांना खाज सुटते, पुरळ येतो. डायलवर ‘३०० मीटर’ छापलेलं असतं, पण त्या आकड्यामागे कसलीही चाचणी नसते. पहिल्या जोरदार पावसात काचेच्या आत वाफ धरते. दुरुस्तीला न्यावं तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर नकली घड्याळाला हात लावत नाही आणि नाक्यावरचा कारागीर म्हणतो, ‘सुटे भाग मिळत नाहीत, मशीनच बदलू या.’ यातही सर्वांत वाईट अवस्था भेट मिळालेल्याची होते. ज्याने घेतलं त्याला ती नक्कल आहे हे माहीत असतं. ज्याला मिळालं तो बिचारा चार-सहा महिन्यांनी विश्वासाने शोरूममध्ये सर्व्हिसिंगला जातो आणि काउंटरवर, चार लोकांसमोर, त्याला सत्य कळतं. सासरकडून आलेल्या घड्याळाबद्दल ते ऐकणाऱ्या जावयाच्या मनात काय येत असेल, आणि ते तो घरी कुणाला सांगू शकत असेल का, याचा विचार ऑर्डर देण्याआधी करायला हवा.

आता कायद्याचं. आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. त्याच्या कलम १०३ खाली खोटा ट्रेडमार्क लावणं आणि कलम १०४ खाली असा माल विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ६ महिने ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. स्वतःच्या हातात घालायला एक घड्याळ घेतलं म्हणून ही कलमं ग्राहकाला धरत नाहीत. पण इथे मला कॉलेजातल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईबाबांशी थांबून बोलायचं आहे. व्हॉट्सअॅप स्टेटसवर फर्स्ट कॉपीचे फोटो टाकायचे, ऑर्डर आली की घाऊक विक्रेत्याला कळवायचं आणि मधले तीनशे-चारशे सुटतात, त्याला ‘रिसेलिंग’ म्हणायचं, हा उद्योग आज कितीतरी मुलं करतात. त्यांना हा खिशाला हातभार वाटतो. कायद्याच्या नजरेत मात्र ते विक्रेते आहेत. माल कधी हातात आलाच नाही, फक्त ऑर्डर पुढे पाठवली, असं म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. पैसे तुमच्या खात्यात आले, बोलणं तुमच्या नंबरवर झालं, सगळा पुरावा तुमच्याच नावावर आहे. घरात कुणी हे करत असेल तर आज बसून समजावा. आणि परदेशी फिरायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: फ्रान्स आणि इटलीमध्ये नकली वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, वस्तू जप्त होते ती वेगळीच. पॅरिसच्या पदपथावरचं घड्याळ स्वस्त वाटलं तरी ते तिथेच राहू द्या.

ज्याने नक्कल आहे हे माहीत असून घेतली त्याची तक्रारही लंगडी पडते. ‘मला नकली घड्याळ हवं होतं, ते नीट चाललं नाही’ असं कुणापुढे म्हणणार? ग्राहक संरक्षण कायदा खरा कामाला येतो तो ‘अस्सल’ सांगून बनावट वस्तू गळ्यात मारली तर. आणि असं होतं, भरपूर होतं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. महागड्या स्विस घड्याळांवर घसघशीत सवलत देणारं एक संकेतस्थळ होतं. कार्टिये, पानेराय, व्हॅशेरॉन अशी नावं, आणि माल बनावट. न्यायालयाने दंडात्मक भरपाई म्हणून १ कोटी रुपये द्यायला लावले. तिथे ज्यांनी घेतलं ते स्वस्तातल्या नकलेच्या मागे लागलेले नव्हते. आपण सवलतीत खरी वस्तू घेतोय अशीच त्यांची समजूत असणार.

म्हणून आधी हे पक्कं ध्यानात ठेवा की रोलेक्स आपली नवी घड्याळं ऑनलाइन विकत नाही. ती अधिकृत दुकानातच मिळतात. ‘नवीन, सीलबंद, सत्तर टक्के सूट’ असं कुठल्याही पेजवर दिसलं तर पुढे बघण्यासारखं काहीच उरत नाही. ‘कस्टमच्या लिलावातला माल आहे’, ‘भाऊ दुबईहून येताना घेऊन आला’, ‘आईच्या ऑपरेशनसाठी घाईत विकतोय’ या गोष्टी कधीकधी खऱ्याही असतील, पण विक्रेत्याची अडचण हा घड्याळ अस्सल असल्याचा पुरावा नव्हे. गोष्ट जितकी हृदयाला भिडणारी, तितका हात आखडता घ्या.

वापरलेलं घड्याळ घेताना विक्रेत्याकडे मूळ बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसिंगची पावती मागा. कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळतो का ते बघा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. नकला करणारे एका खऱ्या घड्याळाचा नंबर उचलतात आणि शेकडो घड्याळांवर तोच कोरतात, कार्डही छापतात. त्यामुळे नंबर जुळला नाही तर घड्याळ नक्की संशयास्पद, पण जुळला म्हणून ते अस्सल ठरत नाही. फोटोंचंही तसंच. जाहिरातीतला फोटो दुसऱ्याच्याच घड्याळाचा असू शकतो, तो गूगल लेन्समध्ये टाकला तर मूळ जागा बहुधा सापडते. जाहिरातींच्या फोटोत घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. तुम्ही विक्रेत्याला सांगा, ‘काटे चार वाजून वीस मिनिटांवर लावा, शेजारी कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहा आणि व्हिडिओ पाठवा.’ ज्याच्याकडे घड्याळ खरोखर आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. आणि रक्कम मोठी असेल तर सरळ म्हणा, ‘कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये भेटू, तिथे तपासून घेऊ, तिथेच पैसे देतो.’ जो याला नाही म्हणतो त्याच्याशी व्यवहार तिथेच संपवा. भिडेखातर पुढे जाऊ नका. आपल्याकडे माणसं फसतात ती लोभापेक्षा भिडेने जास्त.

पैसे कसे देता यावरही पुढचं बरंच ठरतं. अनोळखी माणसाच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. क्रेडिट कार्डावर व्यवहार झाला तर निदान बँकेकडे दाद मागता येते. ‘कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग भीती कसली’ असं अनेकांना वाटतं. पण तिथेही पाकीट उघडण्याआधीच पैसे डिलिव्हरीवाल्याच्या हातात गेलेले असतात. समोर उघडून दाखवायची सोय असेल तरच त्याला अर्थ आहे. ‘फक्त तीनशे रुपये बुकिंगचे भरा’ म्हणून सुरुवात करून मग कस्टम ड्युटी, मग जीएसटी, मग ‘परतावा मिळेल, आधी इतके भरा’ अशी साखळी लागली, तर घड्याळ येणारच नाही हे समजून थांबा. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

आता पार्सल दारात आलं आहे. कात्री लावण्याआधी मोबाइल उभा करा आणि पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या पिशवीपर्यंत, मध्ये न थांबता, एक सलग व्हिडिओ घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार. घड्याळावरची पातळ पारदर्शक फिल्म, टॅग, काही काढू नका. ते निघालं की ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर तयार असतं.

मग चांगल्या उजेडात बसा. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ते भिंग फार महाग नसतं. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. डायलवरची अक्षरं बघा. खऱ्या महागड्या घड्याळात अक्षरांच्या कडा धारदार असतात, शाई फुटलेली नसते, तासांच्या खुणा मिनिटांच्या रेघांसमोर बरोबर उभ्या असतात, काट्यांवर धूळ किंवा बोटाचा ठसा नसतो. रोलेक्सच्या तारखेवर जो उंचवटा असतो तो तारीख साधारण अडीच पट मोठी दाखवतो. बऱ्याच स्वस्त नकलांत तारीख जेमतेम मोठी दिसते किंवा खिडकीत एका बाजूला सरकलेली असते. काचेखालच्या आतल्या कड्यावर कंपनीचं नाव ओळीने कोरलेलं असतं. त्यातली अक्षरं आणि बाहेरच्या मिनिटांच्या खुणा एकमेकांशी जुळतात का ते बघा.

सेकंदकाट्याकडे लक्ष द्या. रोलेक्सची आजची सगळी घड्याळं यांत्रिक आहेत, क्वार्ट्झ एकही नाही. सबमरिनरसारख्या घड्याळात काटा एका सेकंदात आठ बारीक पावलं टाकतो, म्हणून तो तरंगत गेल्यासारखा दिसतो. मुकुटाखाली जर काटा सेकंदाला एकेक उडी मारत असेल, तर बाकी काही बघायची गरज नाही. मात्र हा नियम सगळ्यांना लावू नका. राडो, ओमेगा, टॅग ह्यूअर यांची अस्सल क्वार्ट्झ घड्याळं आहेत आणि त्यांचा काटा उडी मारतच चालतो. उलट, काटा तरंगतो म्हणून घड्याळ अस्सल असंही नाही, कारण स्वस्त चिनी ऑटोमॅटिकचा काटाही तरंगतो.

काही खुणा ज्या त्या घड्याळाच्या असतात आणि त्या माहीत असल्या की फसणं अवघड होतं. रोलेक्स डेटोना हे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. त्यातला मोठा सेकंदकाटा एरवी बारावर स्थिर उभा असतो आणि वरचं बटण दाबलं की चालू लागतो. रोजचे सेकंद खालच्या छोट्या तबकडीत मोजले जातात. नकलेत बऱ्याचदा मोठा काटा सतत फिरत असतो, छोट्या तबकड्यांवर वार आणि तारीख असते किंवा त्या नुसत्या रंगवलेल्या असतात. ओदमार पिगेच्या रॉयल ओकच्या तोंडावर आठ षट्कोनी स्क्रू दिसतात. खऱ्या घड्याळात ते मागून आवळलेले असल्यामुळे त्यांच्या खाचा वर्तुळाच्या रेषेत एकसारख्या लागतात; नकलेत प्रत्येक खाच वेगळ्या दिशेला. आणि आपल्याकडे लग्नात सर्वांत जास्त दिलं जाणारं राडो! ऑटोमॅटिक राडोच्या डायलवर बाराखाली छोटा नांगर असतो. घड्याळ हलवलं की तो नांगर मोकळा डोलतो. ऑटोमॅटिक म्हणून विकलेल्या राडोवर नांगर चिकटवलेला असेल तर प्रश्न विचारा. सिरॅमिकच्या राडोला रोजच्या वापरात सहसा ओरखडे पडत नाहीत. जिथे काळ्या रंगाखालून पांढरं पोलाद डोकावतं तिथे सिरॅमिक नसून रंग आहे.

‘जड आहे म्हणजे अस्सल’ ही समजूत काढून टाका. आजकालच्या नकलाही जड असतात, आणि टायटॅनियम किंवा सिरॅमिकचं खरं घड्याळ हलकं लागतं. काचेवर पाण्याचा थेंब टाकून नीलमणी काच ओळखायचा प्रयोग व्हिडिओत छान दिसतो, पण त्यावर लाखाचा निर्णय घेऊ नका. डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’ छापलेलं आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. हे शब्द लावण्यासाठी मशीन स्विस असावं, जोडणी आणि अंतिम तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हावी आणि १ जानेवारी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा, असा स्वित्झर्लंडचा नियम आहे. नक्कल करणारा हे दोन शब्द छापताना कुठलाच नियम पाळत नाही.

हे सगळं करून झाल्यावरही खरा निकाल मागचं झाकण उघडल्यावरच लागतो. ते स्वतः उघडू नका. झाकण ओरखडेल, आत धूळ जाईल आणि परत करायचा हक्कही जाईल. आधी विक्रेत्याला लेखी विचारा, ‘मी जाणत्या माणसाकडून उघडून बघणार आहे, चालेल ना?’ मग तुमच्या गावातल्या जुन्या, अनुभवी कारागिराकडे जा आणि समोर बसून उघडून घ्या. मशीनवर कुणाचं नाव आहे, चाकांवरची घासाई कशी आहे, स्क्रू चेपलेले आहेत का, हे तो दोन मिनिटांत सांगतो. ठोके मोजायचं यंत्र त्याच्याकडे असेल तर त्यावर घड्याळ ठेवायला सांगा. ताशी २८,८०० ठोक्यांचं म्हणून विकलेलं घड्याळ २१,६०० ठोके देत असेल तर वाद संपला. मात्र महागडे क्लोन आता मशीनचीही नक्कल करतात. म्हणून रक्कम लाखाच्या घरात असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द अंतिम मानू नका.

आता जुन्या घड्याळांबद्दल, कारण ही फसवणूक आपल्या मुंबईच्याच नावाने जगभर ओळखली जाते आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एचएमटीने बंगळूरमध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळाचा कारखाना सुरू केला आणि १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. जनता, पायलट, सोना, जवान ही नावं आपल्या आजोबा-वडिलांच्या मनगटावरची. कित्येकांनी पहिल्या पगारातून जनता घेतलं आणि रोज सकाळी किल्ली देत तीस-तीस वर्षं वापरलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. जुन्या एचएमटीची मागणी वाढली, आणि त्याबरोबर रंगकामही वाढलं. कुठल्या तरी बंद पडलेल्या घड्याळाची डायल खरवडून काढायची, तिच्यावर नवा भडक रंग मारायचा, वर ‘पायलट’ छापायचं, सैन्यदलाचं चिन्ह काढायचं, आणि ‘दुर्मीळ, लष्करी, कधीच न वापरलेलं’ म्हणून पाठवायचं. सायको ५, फेव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड यांचंही तेच होतं. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

ही ओळखायला अवघड नाहीत. केस झिजलेली, कडा गोल झालेल्या, आणि डायल मात्र काल छापल्यासारखी कोरी, हे एकत्र दिसलं की थांबा. अक्षरं जाड आणि किंचित वाकडी, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांपासून सरकलेल्या, तळाचा मजकूर कडेला अर्धवट कापलेला, मिनिटकाटा रेघांपर्यंत पोहोचतच नाही, ही सगळी रंगवल्याची लक्षणं. पायलटची ओळख काळी डायल आणि पांढरे आकडे. लाल, केशरी, पोपटी पायलट समोर आलं तर ते रंगाऱ्याचं आहे असं धरून चला. सायकोमध्ये एक पक्की खूण आहे. डायलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, त्याचे पहिले चार आकडे मशीनचे असतात. मागच्या झाकणावरही तेच चार आकडे असायला हवेत. डायलवर ६३०९ आणि झाकणावर ७००९ असेल, तर दोन घड्याळांचं एक केलेलं आहे. डायलवर क्रमांकच नसेल, तर ती बहुधा रंगवलेली आहे.

जुनं घड्याळ घ्यायचं तर फिकटलेल्या, डाग पडलेल्या मूळ डायलचं घ्या. रेडियम पिवळं पडलेलं असू द्या, काचेवर दोन चरे असू द्या. काच आणि पट्टा बदलता येतो, तेलपाणी करून मशीन पुन्हा चालतं, पण एकदा खरवडलेली डायल परत येत नाही. विक्रेता जर स्पष्ट सांगत असेल की डायल नव्याने रंगवली आहे आणि किंमतही तशीच लावत असेल, तर त्यात लबाडी नाही. आवडलं तर खुशाल घ्या.

आणि नवंच हवं असेल तर साडेतीन हजारांत आज काय मिळत नाही? टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या टिडको या महामंडळाने मिळून १९८४ मध्ये उभी केलेली टायटन आहे, कॅसिओ आहे, टायमेक्स आहे. बजेट थोडं वाढवलं तर सिटिझन, ओरिएंट, सायको. बिल मिळतं, वॉरंटी मिळते, सुटे भाग मिळतात. जावयाच्या हातात असं घड्याळ ठेवताना कुणाला काही लपवावं लागत नाही. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. मोठं स्विस घड्याळ मनात असेल तर पैसे साठवा, पाच वर्षं लागली तरी लागू द्यात, आणि एक दिवस मान ताठ ठेवून शोरूममध्ये जा.

एवढं करूनही फसलात तर गप्प बसू नका. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ‘उद्या बघू’ म्हणण्यात ती शक्यता संपते. वस्तू मोठ्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. मुदत २ वर्षांची आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेलं बोलणं, पैसे दिल्याची नोंद, तो सलग व्हिडिओ आणि कारागिराने लिहून दिलेलं मत, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. विक्रेत्याने खातं बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

राहिले ते, ज्यांच्या कपाटात फर्स्ट कॉपी आधीच आहे. ते घड्याळ ‘अस्सल’ म्हणून कुणाला विकू नका. ती सरळ फसवणूक होईल. कुणाला द्यायचंच असेल तर नक्कल आहे असं सांगून द्या, आणि लहान भावाला, पुतण्याला देताना तर आवर्जून सांगा, म्हणजे पुढे तेच घड्याळ कुणाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी किंवा लग्नात खरं म्हणून पोहोचणार नाही. ते घालून पोहायला जाऊ नका. वापरणारच नसाल तर आतला सेल काढून घ्या, कारण पडून राहिलेला सेल गळतो.